जुनी गाडी मोडीत, सवलत कोणाच्या पदरात?

नोव्हेंबर २०२२. नागपुरात ॲग्रोव्हिजन कृषी प्रदर्शन भरलं होतं. त्याच व्यासपीठावरून केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी जाहीर केलं, की भारत सरकारच्या मालकीच्या, पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या गाड्या मोडीत काढण्याच्या फाइलवर आपण सही केली आहे. जानेवारी २०२३ मध्ये तशी अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाड्यांची नोंदणी पंधरा वर्षांपुढे वाढवणं बंद झालं. मंत्रालयातली मोटार असो, महापालिकेचा कचऱ्याचा ट्रक असो की एसटीची लाल गाडी, नियम सगळ्यांना सारखा.

त्या निर्णयाचं फळ आज आकड्यांत दिसतं. देशात ऑगस्ट २०२५ पर्यंत अधिकृत केंद्रांमध्ये सुमारे ३ लाख गाड्या मोडीत निघाल्या आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या सरकारी होत्या. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचं धोरण आणताना, २०२१ मध्ये, वीस वर्षांपेक्षा जुन्या ५१ लाख हलक्या गाड्या आणि फिटनेस नसलेली, पंधरा वर्षांपुढची १७ लाख मध्यम व अवजड वाहनं रस्त्यावर असल्याचा हिशेब सरकारनेच मांडला होता. त्यापुढे ३ लाख म्हणजे फारच थोडे. सरकारने स्वतःला हुकूम दिला, तो पाळला गेला. सामान्य माणसाला हुकूम नाही, आमिष आहे. ते त्याला पुरेसं वाटलेलं नाही आणि मला त्याचं मुळीच नवल वाटत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. एमएच-३१ किंवा एमएच-४९ पासिंगची तुमची मोटार पंधरा वर्षांची झाली म्हणून कोणी ती ओढून नेणार नाही. वयावरून बंदी दिल्ली परिसरात आली, तीही न्यायालय आणि हरित लवादाच्या आदेशांमुळे. आपल्याकडे आरटीओत गाडी दाखवायची, ती ठीक असेल तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. फक्त हे आता महाग झालं आहे. मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १० हजार झालं. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा.

आता आमिषाचं गणित. समजा, जुनी मोटार मोडीत काढून तुम्ही ८ लाखांची पेट्रोल गाडी घेताय. राज्यात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे ८८ हजार. मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र असेल तर त्या करात १५ टक्के सूट देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. त्याचे होतात १३,२०० रुपये. शिवाय नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ, ते काही शेकड्यांत. कंपन्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दीड टक्का किंवा २० हजार, यांतलं जे कमी असेल तेवढी सूट कबूल केली होती. आपल्या उदाहरणात ती १२ हजार होते. पण जुनी गाडी सहा महिन्यांच्या आत मोडीत काढलेली हवी, आणि एक्स्चेंज बोनस व ही सूट दोन्ही एकदम मिळणार नाहीत. प्रवासी गाड्यांसाठी हे वचन वर्षभरापुरतंच होतं, त्यामुळे आता शोरूममध्ये विचारूनच खात्री करावी लागते.

सगळं जमलं तरी हाती येतात पंचवीस हजारांच्या आसपास, अधिक भंगाराची किंमत. ही किंमत नव्या गाडीच्या ४ ते ६ टक्के येईल असा धोरणाचा अंदाज होता. पण छोटी मोटार वजनालाच हलकी. दुसरीकडे, काटोल, उमरेड, रामटेककडे चालू स्थितीतल्या जुन्या मोटारीला आजही गिऱ्हाईक आहे. धावती गाडी विकून जास्त मिळत असेल, तर ती कापायला कोण देईल? त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, उपकरही गेला. जुन्या करासह ८ लाखांना पडणाऱ्या गाडीत हा फरक साठ हजारांहून जास्त होतो. तो सगळ्यांना मिळतो, जुनं काही मोडीत न काढता.

ही सवलत मुळात ज्याला नवी गाडी घ्यायचीच आहे त्याच्यासाठी आहे. हवा सर्वांत जास्त खराब करणारी गाडी मात्र बहुधा वेगळ्याच माणसाच्या हातात असते. वाडीला अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या आवारांतून फिरलं की हे समजतं. ट्रक आयुष्यात तीन-चार मालक बघतो. नवा असताना तो मोठ्या कंपनीकडे लांब पल्ल्याला धावतो, मग एखाद्या छोट्या ट्रान्सपोर्टरकडे जातो आणि म्हातारपणी विटा, रेती, कोळसा वाहतो. तो शेवटचा मालक नवा ट्रक कधीच घेणार नसतो. त्याची झेप आठ-दहा वर्षं वापरलेल्या ट्रकपर्यंत. नव्या गाडीवरची करसवलत त्याच्या कामाची नाही.

आणि नेमका हाच ट्रक रस्त्यावरून जाणं गरजेचं आहे. २००० साली देशात लागू झालेल्या पहिल्या भारत स्टेज (बीएस-१) मानकांत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे १४० मिलिग्रॅम सूक्ष्मकण सोडायची मुभा होती. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तीसपट फरक. ट्रकची मानकं वेगळ्या मापात असतात, पण दिशा तीच. पर्यावरणावर संशोधन करणारी ‘नीरी’ ज्या शहरात १९५८ पासून उभी आहे, त्या शहराने तरी हा फरक मनावर घ्यायला हवा.

धोरणात ट्रकच्या या शेवटच्या मालकासाठी एक दार आहे, पण ते फारसं कोणी दाखवत नाही. जुना ट्रक अधिकृत केंद्रात दिला की मिळणारं ठेव प्रमाणपत्र विकता येतं, त्यासाठी ऑनलाइन व्यवस्था आहे. दुसऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्याला साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकवर पावणेतीन टक्के सूट देण्याचं कंपन्यांनी दोन वर्षांसाठी मान्य केलं होतं. ३० लाखांच्या ट्रकवर ती ८२,५०० रुपये. त्यातला मोठा वाटा मूळ मालकाच्या खिशात जाऊ शकतो. पण त्यासाठी खरेदीदार आणि तो एकमेकांना भेटले पाहिजेत, आणि पावत्या-बिल्ट्या सांभाळणाऱ्या माणसाला हे कोणीतरी बसून समजावलं पाहिजे.

सूट नको असली तरी गाडी ओळखीच्या कबाड्याला देऊ नका, हे मात्र कळकळीने सांगतो. तिथे नोंदणी रद्द होत नाही, आरसी तुमच्याच नावावर राहते आणि चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस तुमच्या दारात येतात. अधिकृत केंद्रात गाडीवर कर्ज किंवा गुन्ह्याची नोंद आहे का ते तपासतात, चेसिस नंबरचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवावा लागतो.

ही खबरदारी किती आवश्यक आहे, ते जर्मनीने दाखवलं. २००९ च्या मंदीत तिथे नऊ वर्षांपुढची मोटार मोडीत काढणाऱ्याला २,५०० युरो मिळत होते आणि सुमारे २० लाख मोटारी त्यात आल्या. पण मोडीत निघायच्या काही गाड्या गुपचूप आफ्रिकेकडे रवाना झाल्या. अमेरिकेने त्याच वर्षी ३ अब्ज डॉलर महिनाभरात वाटले, गाडीमागे ३,५०० ते ४,५०० डॉलर. इंजिन पुन्हा चालू होऊ नये म्हणून त्यात सोडियम सिलिकेट ओतायला लावलं. मात्र ती खरेदी बरीचशी पुढच्या महिन्यांतली आधी ओढलेली होती, असं नंतर अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं. आपल्याकडच्या सवलतीलाही तोच धोका आहे, कारण तीही नव्या खरेदीलाच बांधलेली आहे.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने एक मसुदा काढला. बीएस-१ आणि त्याआधीच्या गाड्या, तसंच बीएस-२ ची मध्यम व अवजड वाहनं मोडीत काढल्यास नव्या गाडीच्या करात ५० टक्क्यांपर्यंत सवलत, असा तो प्रस्ताव. जितकी घाण जास्त तितकी मदत जास्त, हे तत्त्व योग्यच. महाराष्ट्राने त्यात आणखी एक पाऊल टाकावं. सवलत नव्या गाडीच्या करातून न देता, बीएस-१ किंवा बीएस-२ ट्रक देणाऱ्या मालकाच्या खात्यात थेट रक्कम जमा करावी, मग तो तिच्यातून बीएस-६ चा वापरलेला ट्रक घेवो की धंदाच बदलो. सुरुवात वाडीपासून करता येईल. तिथे आरटीओची एक खिडकी महिन्यातून दोन दिवस उघडली, जुन्या कराची थकबाकी आणि कर्जाचा बोजा तिथल्या तिथे तपासून सांगितला गेला, तरी अनेक मालक गाडीची कागदपत्रं घेऊन येतील.