ससा, एअरगन आणि स्कोप : बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरून गवत पिवळं पडू लागलं की बारवी धरणाच्या आसपास, कोंडेश्वरच्या वाटेवर, मलंगगडाच्या पायथ्याशी रात्री ससे मोकळ्यावर येतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या सलग वाढलेल्या वस्तीपासून हे रान फार लांब नाही. त्यात आता एअरगन आणि स्कोप, म्हणजे तिच्यावर बसवायची नेमाची दुर्बीण, असा तयार संच घरपोच मिळू लागला आहे. त्यामुळे एक प्रश्न वारंवार कानावर येतो : सशा-तितरासाठी कुठली गन घ्यावी आणि तिच्यावर कुठला स्कोप बसवावा?

हा प्रश्न विचारणारा सहसा सराईत शिकारी नसतो. त्याला यंत्राचं, भिंगांचं, अचूक नेमाचं कुतूहल असतं आणि ते कुतूहल चांगलंच आहे. पण या प्रश्नाच्या बुडाशी बरेच गैरसमज आहेत. त्यांतले काही थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतात, काहींमुळे नुसता पैसा वाया जातो. दोन्ही प्रकारचे गैरसमज इथे एकेक करून पाहू.

गैरसमज १ : बंदी वाघ-बिबट्याच्या शिकारीला आहे, सशासारख्या लहान शिकारीला परवाना मिळतो.

वस्तुस्थिती : घरातली जुनी माणसं शिकारीच्या परवान्याबद्दल बोलतात, ते खोटं नाही. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा असो की १९७२ चा केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा, सुरुवातीला दोन्हींत परवान्याने शिकार करण्याची सोय होती. १९७२ च्या कायद्यातल्या एका अनुसूचीचं शीर्षकच ‘लहान शिकार’ असं होतं. ससे, तितर, लावे, रानबदकं त्याच यादीतली.

ही सोय १९९१ च्या दुरुस्तीने संपली. शिकारीच्या परवान्याचं कलमच कायद्यातून काढलं गेलं. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. ससा, तितर, रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत, तर मोर, घोरपड, खवले मांजर आणि बिबट्या पहिल्या. कलम ९ नुसार दोन्ही अनुसूचींतल्या प्राण्यांची शिकार गुन्हा आहे. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड. म्हणजे लहान शिकारीसाठी बंदूक निवडण्याचा प्रश्न इथे कायद्यानेच निकालात काढला आहे.

गैरसमज २ : प्राणी मेलाच नाही, तर शिकार कसली?

वस्तुस्थिती : कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, हाकारा करून उठवणं, आमिष दाखवणं हे सगळं तिच्यात येतं आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्नसुद्धा येतो. प्राण्याला जखमी करणं आणि पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हीदेखील शिकारच. जागा सरकारी वनाची आहे की स्वतःच्या मालकीची, याने फरक पडत नाही. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी व हत्यारही सरकारजमा होतं. कुणाजवळ वन्यप्राण्याचं मांस सापडलं, तर ते बेकायदा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते.

या पट्ट्यातल्या ठाकूर, कातकरी समाजांत शिकारीची जुनी परंपरा होती. वनहक्क मिळाला म्हणजे शिकारीचाही हक्क मिळाला, असं त्यांना सांगणारे लोक भेटतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. चुकीच्या माहितीची सर्वांत मोठी किंमत गरीब माणूसच मोजतो, म्हणून ही गोष्ट पाड्यापाड्यावर नीट पोचायला हवी.

गैरसमज ३ : एअरगनला परवाना लागत नाही, म्हणजे ती खेळणंच.

वस्तुस्थिती : २०१६ च्या शस्त्र नियमांनी मर्यादा आखून दिली आहे. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७ इंचापेक्षा, जास्त असेल किंवा छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात असेल, तर एअरगनलाही परवाना लागतो. ५.५ मिलिमीटरची, म्हणजे .२२ ची एअर रायफल या मर्यादेबाहेरची आहे. हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण हौसेने तिचीच चौकशी करतात.

मर्यादेच्या आतली एअरगन परवान्याशिवाय बाळगता येते, पण तिने ससा मारणं तेवढंच बेकायदा आहे. वन्यजीव कायदा हत्याराचा प्रकार विचारत नाही, गलोलीनेही गुन्हा घडतो. शिवाय त्या छर्ऱ्याने जवळून डोळा जातो, वर्मी लागल्यास जीवही जातो. आणि नेम जरा चुकला तर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सशाला जागच्या जागी मारत नाही. जखमी प्राणी झुडपात शिरतो आणि तासन्‌तास तडफडतो.

गैरसमज ४ : रायफल आणि छर्ऱ्याची बंदूक एकातच असलेली जोडनळी बंदूक लहान शिकारीला सर्वांत उत्तम.

वस्तुस्थिती : अशा बंदुका खरोखर आहेत. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या मॉडेल २४ मध्ये एकावर एक दोन नळ्या असत, उदाहरणार्थ वरची .२२ रायफलची आणि खालची .४१० छर्ऱ्यांची. जर्मनी-ऑस्ट्रियात तीन नळ्यांची ‘ड्रिलिंग’ प्रसिद्ध आहे, बहुधा दोन नळ्या छर्ऱ्यांच्या आणि एक रायफलची. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांकडे हॉलंड अँड हॉलंडची ‘पॅराडॉक्स’ असे. फॉस्बेरी यांच्या १८८५ च्या पेटंटवर बनलेल्या या बंदुकीची नळी गुळगुळीत असून फक्त तोंडाजवळ पीळदार होती, म्हणून ती छर्रेही टाकी आणि एकटी गोळीही.

ज्या देशांत परीक्षा देऊन शिकारीचा परवाना घेतात आणि एकाच फेरीत कधी उडता पक्षी तर कधी उभा प्राणी समोर येतो, तिथल्या गरजेतून ही रचना आली. तिथेही ती तडजोडच मानली जाते. नळ्या एकमेकींना जोडलेल्या असल्याने एक तापली की दुसरीचा मारा सरकू शकतो. स्कोप जुळवायचा तो रायफलच्या नळीसाठी, तर उडत्या पक्ष्यावर छर्रे टाकताना तोच स्कोप नजर अडवतो.

इकडे मुख्य प्रश्न लोकवस्तीचा आहे. .२२ ची साधी गोळीही दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. उल्हासनगर शहराचं क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार वस्ती पाच लाखांवर. अंबरनाथ-बदलापूरच्या टेकड्यांखालीही आज इमारती आहेत, पाडे आहेत, पायवाटा आहेत. चुकलेली गोळी कुठे थांबेल हे सांगता येत नाही, तिथे बंदूक चालवणं हा माणसांच्याच जिवाशी खेळ आहे.

गैरसमज ५ : बंदुकीचा परवाना असला की शिकार करता येते आणि पीक राखायला तर हक्कच आहे.

वस्तुस्थिती : शस्त्र परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात वीस इंच वा अधिक लांब नळीची गुळगुळीत बंदूक संरक्षण किंवा खेळासाठी, ठासणीची बंदूक पीकरक्षणासाठी आणि .२२ रायफल रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी, अशी तरतूद आहे. आपल्या तिन्ही शहरांत परवान्याचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात.

पीकरक्षणाची ठासणीची बंदूक आवाज करून जनावर पळवायला उपयोगी पडते, मारायला मुभा देत नाही. रानडुकरांनी शेताची नासाडी केली, तर आधी वनखात्याकडे तक्रार आणि पंचनामा करून भरपाई मागायची. प्राणी मारायचा असेल तर सक्षम वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी आणि तीही ठरावीक प्राणी व ठरावीक परिस्थितीपुरतीच. स्वतःचा वा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे केलेला बचाव गुन्हा ठरत नाही, पण शिकारीला निघालेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही.

गैरसमज ६ : अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, तिथून बंदूक मिळते.

वस्तुस्थिती : अंबरनाथची आयुध निर्माणी मुख्यतः धातूचं काम करते. काडतुसांना आणि तोफगोळ्यांना लागणारं पितळ, इतर मिश्रधातू आणि त्यांचे घडीव भाग तिथे बनतात. शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी यंत्रं आणि सुटे भाग करते. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ सात कंपन्यांत विभागलं गेलं, तेव्हा पहिली यंत्र इंडियाकडे आणि दुसरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. परवानाधारकांसाठीची .३१५ रायफल बंगालमधल्या ईशापूरला बनते. अंबरनाथच्या कामगारांचं कसब मोठं आहे, पण त्याचा शिकारीच्या बंदुकीशी संबंध नाही.

गैरसमज ७ : स्कोप जितका मोठा करून दाखवेल, तितका नेम पक्का.

वस्तुस्थिती : हा गैरसमज नेमबाजी शिकणाऱ्यांनाही नडतो, म्हणून जरा सविस्तर. ४×३२ म्हणजे चारपट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं असलेला स्कोप. ३२ ला ४ ने भागलं की ८ येतात, म्हणजे डोळ्यापाशी ८ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत पोचतो. ३-९×४० चा स्कोप नऊपटीवर नेला की हा झोत साडेचार मिलिमीटरच्याही आत येतो. दृश्य अंधुक होतं, दिसणारा परिसर आक्रसतो आणि हाताची थरथर नऊपट मोठी दिसते. स्कोप थरथर दाखवतो, थांबवत नाही.

दुसरी गोष्ट धक्क्याची. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टनमुळे आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका बसतो. मोठ्या रायफलीचा एकतर्फी धक्का सोसणारा महागडा स्कोपही या झटक्याने बिघडू शकतो. म्हणून स्प्रिंगच्या एअरगनसाठीच बनवलेला स्कोप घ्यावा. तिसरी गोष्ट पॅरलॅक्सची, म्हणजे डोळा हलला की लक्ष्यावरची फुलीही सरकल्यासारखी दिसण्याची. मोठ्या रायफलीचे स्कोप सुमारे शंभर यार्डांवर जुळवलेले असतात. दहा मीटरवरच्या सरावाला ते कामाचे नाहीत, तिथे अंतराप्रमाणे फिरवता येणारं भिंग लागतं. शेवटी, स्कोप नळीच्या काही सेंटिमीटर वर बसतो, म्हणून तो एका ठरावीक अंतरालाच नेमका जुळतो. त्याहून फार जवळच्या लक्ष्यावर छर्रा खाली लागतो.

आणि एक नियम कधी मोडू नये : दूरचं पाहायला बंदुकीवरचा स्कोप वापरायचा नाही. जिकडे स्कोप, तिकडे नळी.

नेमाचं मोठेपण भिंगात नसतं, याचा पुरावा ऑलिंपिकमध्ये आहे. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि स्कोप वापरायला मनाई असते. पनवेलच्या लक्ष्य शूटिंग क्लबच्या सुमा शिरूर याच प्रकारात २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर रायफलचं कांस्यपदक जिंकलं. राष्ट्रीय रायफल संघटनेची सुरुवात १९५१ मध्ये गणेश वासुदेव मावळंकरांच्या पुढाकाराने झाली. नेमबाजीची ही वाट मराठी माणसाच्या ओळखीची आहे.

गैरसमज ८ : शिकार केल्याशिवाय जंगल कळत नाही.

वस्तुस्थिती : मुंबईत लहानाचे मोठे झालेले सालीम अली यांनी मुलगा असताना एअरगनने एक पिवळ्या गळ्याची चिमणी मारली आणि ती ओळखून घ्यायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली. तिथून त्यांचा पक्षिशास्त्राचा प्रवास सुरू झाला. त्या काळी पक्षी हातात आल्याशिवाय त्याचा अभ्यास होतच नसे. आज ८×४२ ची साधी दुर्बीण आणि कॅमेरा हे काम करतात.

बारवीच्या रानात बिबट्याचा वावर आहे. ससा, घोरपड, रानडुक्कर हे त्याचं भक्ष्य. ते संपलं की तो वस्तीतल्या कुत्र्यांकडे आणि शेळ्यांकडे वळतो. म्हणून सशाला वाचवण्यात बदलापूरकरांचाही स्वार्थ आहे.

तेव्हा संच विकत घेण्याआधी इतकं करावं. नेमबाजीची ओढ असेल तर रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या हाताखाली सुरुवात करावी आणि बंदूक त्याच्या सल्ल्यानेच घ्यावी. जंगलाची ओढ असेल तर तेच पैसे दुर्बिणीवर खर्च करावेत. आणि कुणी फासे लावताना किंवा रात्री बंदूक घेऊन रानात शिरताना दिसला, तर त्याला स्वतः अडवायला न जाता वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावं.