पावसाळ्यात फुगणारं दार आणि गिटार

कोकणातल्या घरात जुलै उजाडला की एखादं तरी दार चौकटीत अडकतं. सुताराकडून रंधा मारून घ्यावा, तर मार्चमध्ये त्याच दाराला बोटभर फट दिसते. भाचीने जानेवारीत रत्नागिरीच्या घरासाठी पहिली गिटार घेतली, तेव्हा हे दार माझ्या डोक्यात आलं नाही. गणपतीपर्यंत तिच्या बोटांची सालटी निघाली. तारा दाबल्याच जाईनात. घरात सगळ्यांनी तिच्या सरावाला बोल लावला. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, पट्टी उभी धरली, तर जाड तार साडेतीन मिलिमीटर वर होती. ती अडीचच्या आसपास हवी.

लाकूड हवेतली वाफ शोषतं आणि परत सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असताना त्यात साधारण 9 टक्के पाणी असतं. आर्द्रता 80 च्या पुढे गेली की ते 16 टक्क्यांवर जातं. लांबीत फारसा फरक पडत नाही, पण रेषांच्या आडवं लाकूड फुगतं. गिटारची पुढची फळी, म्हणजे टॉप, बहुधा स्प्रूसचा आणि खालच्या अंगाला सुमारे 40 सेंटिमीटर रुंद असतो. सलग लाकडाच्या टॉपला पावसाळ्यात तीन-चार मिलिमीटर जास्त जागा हवी असते. कडा चिकटवलेल्या, म्हणून तो पोट काढतो. पोटासोबत तारा धरणारा ब्रिज वर येतो, ब्रिजसोबत तारा. विदर्भातल्या मे महिन्यात फळी आक्रसते आणि रेषेत तडकते.

भाचीची गिटार ‘सलग लाकडाची’ म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेली. आवाजात असा टॉप सरस असतो, यात शंका नाही. टॉपचं महत्त्व दाखवायला स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून गिटार घडवली होती. पण दहा हजारांच्या आत, आणि तेही किनारपट्टीवर, मी प्लायवूडच घ्यायला सांगेन. त्यातल्या थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात असतात. एक थर फुगू लागला की शेजारचा त्याला धरून ठेवतो. वाचलेले पैसे चांगल्या तारांना आणि सेटअपला द्यावेत.

दुकानात मात्र घाई करू नये. सुतार फळी पारखतो तशी गिटार एका डोळ्याने नेकच्या कडेवरून पाहावी. पीळ असेल तर परत ठेवावी. मग फोनवर ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडावं. घंटेसारखा स्वच्छ स्वर येतो. आता त्याच फ्रेटवर तार दाबून छेडावी. दोन्ही स्वर एक हवेत, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर असतो. दाबलेला स्वर चढा आला, तर तारा फार उंच आहेत किंवा सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी, चुकीच्या जागी आहे. मध्यापाशी एका मिलिमीटरची चूक म्हणजे अर्ध्या स्वराचा विसावा हिस्सा, आणि तयार कानाला तेवढंही खटकतं. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट ठोकलेले. तिथली चूक जन्मभराची, म्हणून प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून पाहावी.

घरी आणल्यावर तिला भिंतीवर टांगू नये, पिशवीत ठेवावं. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज. शेजारी आर्द्रतामापक असला तर अंदाज बांधावा लागत नाही. 45 ते 55 टक्के हा तिचा सुखाचा पल्ला. वाजवून झालं की घाम तारांवरून कोरड्या फडक्याने पुसावा. फिंगरबोर्डला खोबरेल लावू नये, ते खवट होतं आणि मळ धरतं. रोज तारा सैल करायचीही गरज नाही. सहा पोलादी तारांचा मिळून ताण 70 किलोच्या घरात असतो, पण नेक त्याच हिशेबाने घडवलेली असते. उन्हात उभ्या बंद गाडीत मात्र पाच मिनिटंही ठेवू नये: सरस मऊ पडतो आणि हाच ताण ब्रिज उखडून काढतो.

भाचीच्या गिटारची सॅडल घासून खाली घ्यायची ठरली, तेव्हा मला ते दार आठवलं. पावसाळ्यात घासलेली सॅडल उन्हाळ्यात कमी पडली असती. तारा फ्रेटवर आपटून खरखरल्या असत्या. म्हणून मूळ सॅडल तशीच ठेवली आणि हाडाची दुसरी करून घेतली, दोन मिलिमीटर बुटकी. सॅडल जेवढी उतरते त्याच्या निम्मी तार बाराव्या फ्रेटवर उतरते, त्यामुळे साडेतीनाचे अडीच झाले. आता जूनमध्ये तारा बदलताना ती बुटकी सॅडल बसवते. दिवाळीत हवा कोरडी झाली की मूळची परत लावते, आणि बुटकी कागदात गुंडाळून पिशवीच्या कप्प्यात ठेवते.