रोज एकाच चवीची आंबील

आमच्या मुळशीत डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी पिकते. तिचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी आंबलं की आधणात सोडून शिजवायचं, निवल्यावर मीठ, ताक घालायचं. झाली आंबील. अम्मीच्या शेवटच्या आजारपणात, चैत्रापासून श्रावणापर्यंत, तिला तेवढीच पचायची आणि करायला घरात मीच. एके दिवशी छान जमे, दुसऱ्या दिवशी इतकी आंबट की ती वाटी बाजूला सारी. म्हणायची, "काल केलीस तशीच कर ना रे." कालची कशी केली होती, तेच मला ठाऊक नसे.

हा प्रश्न बिअर करणाऱ्यांनाही पडला होता. त्यांनाही धान्यच आंबवायचं आणि चव दरवेळी तीच हवी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ साली यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध विरजण वाढवलं. तिथंच १९०९ साली सोरेन्सन यांनी आंबटपणा मोजण्यासाठी 'पीएच' ही मोजपट्टी दिली. थोडक्यात, विरजण ओळखीचं हवं आणि अंदाजाऐवजी माप हवं.

आंबिलीत मुख्य काम दह्यातल्यासारख्या लॅक्टिक जिवाणूंचं. ते उबेत झपाट्यानं वाढतात, गारव्यात मंदावतात. म्हणजे वैशाखातलं 'रात्रभर' आणि आषाढातलं 'रात्रभर' एक नव्हे!

मग मी वही घातली. पीठ वाटीनं न घेता वजनानं घेऊ लागलो, कारण दळण जाड-बारीक झालं की वाटीत कमीजास्त मावतं. शंभर ग्रॅम पीठ, चारशे मिलिलिटर पाणी, आदल्या दिवशीच्या आंबवणातले दोन चमचे. भांडं उकळत्या पाण्यानं धुतलेलं. शेजारी तापमापक. तीस अंशांना आठ तास पुरत, चोवीस अंशांना बारा-तेरा लागत. चव बिघडली तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. बुरशी किंवा कुबट वास आला तर मात्र सरळ ओतून द्यायचं आणि नव्यानं सुरुवात करायची.

चव हाताला असते म्हणतात. खरंच आहे. पण अम्मीच्या हाताला चाळीस वर्षांचा सराव होता, माझ्या हाताला वहीचाच आधार.

पुढं ती आंबिलीबद्दल काही बोलली नाही. वाटी रिकामी परत येऊ लागली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)