एका आंबट घोटाची गोष्ट

"ताई, तुम्ही दारू प्यालात म्हणे!"

बचत गटाच्या बैठकीला मी पोहोचते न पोहोचते तोच प्रश्न आला. पंधरा-सोळा जणी, मांडीवर सुपं, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. बिड्या वळणारे हात क्षणभर थांबले. गेली बारा वर्षं याच वस्तीत मी 'बाटली आडवी करा' म्हणून घसा कोरडा करतेय आणि आज माझ्याच घशाची चौकशी! पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. मग सगळं खरं खरं सांगून टाकलं. मैत्रिणींनो, तेच तुम्हालाही सांगते.

झालं असं की, बेल्जियममध्ये नोकरी करणारी माझी भाची सुट्टीवर आली होती. तिला अकलूजजवळच्या मोटेवाडीची वाइनरी बघायची होती. "मावशी, आपल्या सोलापूर जिल्ह्यात एवढी वाइन होते आणि तू पाहिलीच नाहीस?" मी म्हटलं, "अगं, माझ्या ओळखीच्या भट्ट्या वेगळ्या!" पण गेले तिच्याबरोबर.

द्राक्षं आपल्याला नवी नाहीत. 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हे वाण आपल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांचेच. पण ती खायची द्राक्षं. वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. या वाइनरीचं नाव 'फ्रटेली', म्हणजे इटालियन भाषेत 'भाऊ'. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभी केली.

आत गारेगार खोलीत ओकच्या लाकडाची पिंपं ओळीनं आडवी ठेवलेली. आडवी बाटली ऐकली होती, आडवी पिंपं पहिल्यांदाच पाहिली! लाकडातून वाइनला अगदी थोडी थोडी हवा लागते, त्यामुळे ती सावकाश मुरते. पिंपं आतून भाजलेली असतात, तो वासही तिच्यात उतरतो.

मग पिंपात मुरलेल्या लाल वाइनचा पेला हातात आला. रंग कोकमाच्या आगळासारखा. वास आधी जांभळाचा, मग आईच्या जुन्या लाकडी कपाटाचा. चव घेऊन थुंकायला शेजारी भांडंही होतं, जगभर तशीच रीत आहे म्हणे. मी पहिला घोट थुंकला. जिभेवर आधी आंबट लागलं, पण कैरीसारखं झोंबणारं नाही. मागून तुरटपणा आला, कोरा चहा जास्त उकळल्यावर जीभ कोरडी पडते ना, तसा.

हा आंबटपणा ओळखीचा का वाटतोय, याचं उत्तर भाचीनं दिलं. द्राक्षातल्या साखरेची दारू झाली की लाल वाइन आणखी एकदा आंबते. दही लावणाऱ्यांच्याच जातकुळीतले जिवाणू द्राक्षातलं तिखट आम्ल बदलून दह्यातल्यासारखं सौम्य करतात. म्हणजे आपल्या ज्वारीच्या आंबिलीचेच नातेवाईक! "बेल्जियमच्या रूसेलारे गावातली लाल बिअर दोन-दोन वर्षं ओकच्या पिंपांत ठेवतात, ती तर याहून आंबट असते," भाची म्हणाली. तो कारखानाही मुळात रोडेनबाख भावांचाच. पण १८३६ मध्ये त्यातल्या पेद्रोनं आणि त्याच्या बायकोनं तो विकत घेतला. नवरा सैन्यात, म्हणून धंदा चालवला तो तिनंच, रेजिना वाउटर्सनं. नाव मात्र नवऱ्याच्या घराण्याचं. हे इकडे काय नि तिकडे काय, सारखंच!

दुसरा घोट मी गिळला. लपवत नाही. चव आवडली, हेही लपवत नाही. पण पेला खाली ठेवला आणि वस्ती डोळ्यांपुढे उभी राहिली. हातभट्टीला ना रंग बघतात, ना वास घेतात. नाक दाबून ओततात नि पडतात. या धंद्यातून माणसं बाहेर काढायला सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी 'ऑपरेशन परिवर्तन' राबवलं. भट्ट्या फोडून भागत नाही, हाताला दुसरं काम द्यावं लागतं, हे त्यातून दिसलं. पुढे २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायची चर्चा निघाली, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असंही ऐकलं. मैत्रिणींनो, तीत साधारण बारा-चौदा टक्के मद्यार्क असतो. दारूच ती. पिंप कितीही देखणं असो.

एवढं सांगून मी थांबले. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून छातीत धडधड. सगळ्यात वयस्कर मावशींनी बिडीला दोरा गुंडाळत विचारलं, "किती दिवस ठेवतात म्हणालीस त्या पिंपात?"

"वर्ष-वर्षसुद्धा, मावशी."

"आन् तू दोन घोटांत पेला ठेवलास?"

"हो."

"मग त्येच सांग की सगळ्यांना. आमच्या ह्यांना पगाराच्या दिवशी दुकानापासनं घरापर्यंतबी धीर निघत नव्हता."

कुणी हसलं नाही. सुपांतले हात पुन्हा चालू झाले आणि मी बैठकीची वही उघडली.