प्रदेशाची आखणी आणि काठावरची गावे

महानगराच्या गरजा त्याच्या प्रशासकीय हद्दीत कधीच मावत नाहीत. तेथील कामगार शेजारच्या पालिकेच्या हद्दीत राहतात, त्याला लागणारे पाणी दूरच्या तालुक्यांतून येते आणि त्याच्या वाढीसाठी लागणारी जमीन बहुधा शेतकऱ्यांची असते. या परस्परावलंबनाचा विचार करून अनेक शहरे व गावे मिळून एक क्षेत्र ठरवणे आणि तेथील जमीनवापर, वाहतूक व पाणी यांची एकत्रित दिशा आखणे, याला प्रादेशिक नियोजन म्हणतात.

महाराष्ट्रात या विचाराला कायद्याचे रूप मिळाले ते 1966च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींची त्याला पार्श्वभूमी होती. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना 1973मध्ये मंजूर झाली आणि 1975मध्ये विविध यंत्रणांच्या समन्वयासाठी महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले.

मुंबईवरील भार हलका करण्यासाठी ठाणे खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याचे काम मात्र त्याआधीच, 1970मध्ये स्थापन झालेल्या सिडको या सरकारी महामंडळाकडे सोपवण्यात आले होते. त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील 95 गावांच्या जमिनी नियोजनाखाली आल्या व भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी आणि कराडी समाजांचे जीवन मुळापासून बदलले. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी झालेल्या लढ्यात जानेवारी 1984मध्ये उरण तालुक्यात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले आणि पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले. हा मोठा विजय होता. तरीही जमिनीच्या मापाने ठरणाऱ्या या मोबदल्यात, सातबाऱ्यावर न दिसणाऱ्या खाडीवरच्या उपजीविकेचे मोल पुरते उमटणे शक्य नव्हते.

पाण्याच्या बाबतीत विषमता अधिकच ठळक दिसते. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, परंतु हा तालुका महानगर प्रदेशाच्या मूळ आखणीत नव्हता आणि तेथील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

निर्णयप्रक्रियेतही हीच विषमता राहते. 74व्या घटनादुरुस्तीने दहा लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समितीची तरतूद केली असून तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य पालिका आणि पंचायतींच्या लोकप्रतिनिधींमधून, लोकसंख्येच्या प्रमाणात निवडून यावयाचे असतात. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर मोजले की शहराचे पारडे जड होणारच. म्हणून जमीन, पाणी आणि किनारा देणाऱ्या गावांना त्यांच्या त्यागाच्या प्रमाणातही निर्णयात स्थान मिळाले पाहिजे. प्रदेशाची सीमा ठरवताना, शहर कोठवर पसरले आहे याच्या जोडीने ते कोणाच्या आधाराने जगते, हा प्रश्न विचारला जाईल तेव्हाच प्रादेशिक नियोजन न्याय्य ठरेल.