बाईक झुकते, गाडी झुकत नाही : ट्रॅकवर इंजिन ऑइल पळतं कुठे?

आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. शिरपूर, धुळे, जळगाव या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरापोरींकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय : "दादा, फॉर्म्युला स्टुडंटची गाडी बनवतोय. सीनियर म्हणतात ट्रॅकवर इंजिन बसतं. ऑइल नवीन, लेव्हल बरोबर, मग बसतं का?"

उत्तर आहे ऑइल सर्ज. म्हणजे वळणावर ऑइल एका बाजूला पळणं.

आधी टँकर आठवा. उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगाव पाण्याचे टँकर फिरतात. अर्धा भरलेला टँकर वळला की आतलं पाणी बाहेरच्या बाजूला धावतं, अख्खी गाडी ओढली जाते. म्हणून टाकीत पत्रे बसवतात. पाणी त्यातून जातं, पण एकदम धावत नाही. तुमच्या इंजिनच्या चेंबरमध्ये नेमकं हेच चाललेलं असतं.

इंजिनच्या तळाशी चेंबर, त्यात ऑइल. ऑइलमध्ये एक जाळी बुडालेली असते. पंप त्या जाळीतून ऑइल ओढतो आणि दाबाने बेअरिंगपर्यंत पोचवतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा अगदी पातळ थर असतो, आणि त्यामुळेच धातूला धातू लागत नाही. वळणावर ऑइल बाजूला गेलं, जाळी उघडी पडली, की पंप हवा ओढतो. दाब पडतो, थर तुटतो. जास्त आरपीएमवर बेअरिंग खराब व्हायला एखाद-दोन सेकंद पुरतात.

आता खरी गोम. या स्पर्धेत 710 सीसीपर्यंतचं इंजिन चालतं, म्हणून बऱ्याच टीम बाईकचं इंजिन घेतात. आपल्याकडे चाकणला बनणाऱ्या केटीएम 390 चं इंजिन खूप टीम वापरतात. इंजिन दमदार आहे, पण ते बाईकसाठी बनलंय. बाईक वळताना झुकते. पाण्याची बादली गरगर फिरवली तरी पाणी तळालाच दाबलेलं राहतं ना? तसंच झुकलेल्या बाईकमध्ये ऑइल चेंबरच्या तळालाच राहतं. तेच इंजिन चार चाकांवर ठेवलं की झुकणं संपलं. ऑइल सरळ बाजूच्या भिंतीवर चढतं.

किती चढतं? वळणाचा जोर 1 जी असेल, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतकाच, तर ऑइलचा पृष्ठभाग 45 अंशांत तिरका होतो. आणि यासाठी फार वेग लागतो असं नाही. स्पर्धेतल्या स्किडपॅडच्या आतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर आणि रस्ता 3 मीटर रुंद असतो. रस्त्याच्या मधोमध गेलात तर 1 जी गाठायला ताशी साधारण 34 किलोमीटर वेग पुरतो. एक फेरी सुमारे 6 सेकंदांची, आणि एकाच दिशेने सलग दोन फेऱ्या. म्हणजे 12 सेकंद ऑइल भिंतीवर!

याउलट उदाहरण आपल्या रस्त्यावरच आहे. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत इंदूरकडे निघालात की पीथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथं वळणावर रस्ताच आतल्या बाजूला झुकवलाय. त्यामुळे वेग प्रचंड असूनही बाजूचा जोर कमी जाणवतो. तेव्हा वेगापेक्षा सपाट, लांबलेलं वळण जास्त घातक.

मग उपाय काय? स्वस्तापासून सुरू करू.

पहिला, बॅफल. टँकरच्या पत्र्यांसारखे पत्रे जाळीभोवती लावायचे. ऑइल आत येईल पण पटकन बाहेर जाणार नाही असे छोटे एकेरी दरवाजे ठेवले तर उत्तम.

दुसरा, चेंबर आणि जाळीची जागा बदलणं. जाळी जितकी खोल आणि मध्यावर, तितकं बरं.

तिसरा, अॅक्युम्युलेटर. दाबाखाली ऑइल साठवणारा सिलिंडर. पंपाचा दाब पडला की तो काही सेकंद ऑइल पुरवतो.

चौथा, ड्राय संप. वेगळा पंप चेंबरमधलं ऑइल सतत उपसून उंच, अरुंद टाकीत नेतो आणि तिथून ते इंजिनला जातं. फॉर्म्युला वनमध्ये हेच असतं. पण खर्च, वजन आणि कटकट तिन्ही वाढतात.

"मग ऑइलच जास्त भरू ना भो?" नको. लेव्हल कमाल खुणेच्या आत ठेवा. फार भरलं की क्रँक ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, आणि पुन्हा पंप हवाच ओढतो.

खात्री कशी करायची? कॉलेजमध्येच करा. सुटं चेंबर घ्या, ऑइल घाला, 45 अंशांत तिरकं धरा, जाळी बुडालेली राहते का बघा. डावीकडे, उजवीकडे, ब्रेक मारल्यासारखं पुढे, सगळीकडे. ऑइल मात्र लेव्हलपेक्षा कमी घाला, कारण इंजिन चालू असताना बरंच ऑइल वर फिरत असतं.

आणि गाडीत ऑइल प्रेशरचा सेन्सर लावाच. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फार उशिरा पेटतो. दाबाचा आलेख वळणाच्या आलेखासोबत बघा. प्रत्येक फेरीत त्याच वळणावर दाब पडतोय? सर्ज आहे. गरम झाल्यावर सगळीकडेच दाब कमी? मग ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलंय. टेस्टिंगनंतर फिल्टर उघडा. चमकदार कण दिसले तर गाडी तिथंच थांबवा.

घरच्या गाडीची काळजी करणाऱ्यांसाठी : चाळीसगावहून कन्नडच्या घाटात नेहमीसारखी चालवलीत तर हा प्रश्न येत नाही. वळणाचा जोर कमी असतो आणि लेव्हल बरोबर असली की कंपनीचं चेंबर तेवढं सांभाळतं. पण जास्त पकडीचे टायर घालून तीच गाडी ट्रॅकवर न्याल, तर वरचं सगळं तुम्हालाही लागू.

कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला जायचंय ना? एन्ड्युरन्सची शर्यत सुमारे 22 किलोमीटरची असते. वर्षभराची मेहनत तिथं दोन सेकंदांत जाऊ शकते, आणि ती वाचवायला आधी लागतात चार पत्रे आणि एक सेन्सर. तुमच्या चेंबरचे फोटो पाठवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. भेटूया!