शवासन : वेळ असल्यास?

आमच्या चिकित्सालयालगतच्या दालनात गेली काही वर्षे सकाळी योगाभ्यास चालतो. ताडासनापासून पश्चिमोत्तानासनापर्यंत मंडळी उत्साहात असतात. शवासनाची सूचना मिळताच मात्र सतरंज्यांच्या घड्या होऊ लागतात. कुणाला कचेरी गाठावयाची असते, कुणाला नातवाला शाळेत सोडावयाचे असते. दोष त्यांचा नव्हे. आम्हीच आसनांची यादी लिहून देताना शेवटी ‘वेळ असल्यास शवासन’ असा शेरा मारीत आलो होतो.

आमचे डोळे उघडले ते एका सेवानिवृत्त शिक्षिकेमुळे. वातप्रकृती, कृश शरीर, अनिद्रेची जुनी तक्रार. नेमाने आसने करूनही झोप सुधारेना. उलट दुपारपर्यंत अंग दुखू लागे. शवासनाविषयी विचारता बाई म्हणाल्या, “अहो, नुसते पडून राहणे म्हणजे आळसच की!” अर्धशक्तीपर्यंतच व्यायाम करावा व अतिव्यायामाने वातप्रकोप होतो, हे आपण सारेच जाणतो, पण व्यायामानंतर शरीरास सुखकर मर्दन करावे, या वाग्भटोक्तीमागील आशय आम्ही व्यवहारात विसरलो होतो. श्रमानंतर शरीरास काही देणे लागते.

हठयोगप्रदीपिकेने शवासनास श्रम हरण करणारे व चित्तास विश्रांती देणारे म्हटले आहे. घेरंडसंहितेतील मृतासन ते हेच. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांनीही १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लाइट ऑन योगा’ या ग्रंथात, सोपे भासणारे हे आसन साधण्यास अत्यंत कठीण असल्याचे नमूद केले. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध केले. कित्येकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधमात्राही कमी करता आली. अर्थात रुग्णाने परस्पर औषध सोडावे, असा याचा अर्थ नव्हे.

बाईंना आम्ही आसने निम्मी करून दहा मिनिटे शवासन सांगितले. गुडघ्यांखाली घडी केलेली घोंगडी, अंगावर चादर, लक्ष केवळ श्वासाकडे. पहिला आठवडा कठीण गेला. पायाची बोटे हलत, डोळे घड्याळाकडे वळत. (कफप्रधान मंडळींची अडचण निराळी, ती तत्काळ घोरू लागतात!) पुढे जबडा सैल पडू लागला, अंगदुखी ओसरली आणि महिन्याभराने रात्री सलग चार तास झोप लागल्याचे त्यांनी संकोचाने सांगितले.

‘वेळ असल्यास’ हे शब्द आम्ही खोडले आहेत. बाईंच्या शेजारी आता आमचीही सतरंजी असते. पहिला रुग्ण तेवढा वेळ बाहेर बाकावर थांबतो.